दोन हात वर

गिरणीच्या भिंतीत एक दगड आहे,
त्यावर आडवी रेघ, रेघेखाली साल: १७७१.
पाणी इथवर चढलं होतं, असं आमचं गाव सांगतं.
मी हात उंचावला तर नखं जेमतेम टेकतात.

ह्या रेघेवरून दोब्रोमिल मास्तरांनी गावाची बखर लिहिली:
त्या हिवाळ्यात सगळ्या बोहेमियात
नद्यांवरचा बर्फ तोफांसारखा फुटला,
इथे एकतीस माणसं बुडाली,
पाद्री घंटेच्या दोराला धरून तीन रात्री लोंबकळला,
एक पाळणा वाहत खालच्या गावी लागला
आणि आतलं मूल हसत होतं.
(वाहत्या पाळण्यातलं मूल
प्रत्येक नदीला एक असतंच.)

ह्याच रेघेवरून इंजिनिअर आले,
दुर्बीण लावून त्यांनी बांधाची उंची ठरवली.
बांध झाला. खिडक्यांतून नदी दिसेनाशी झाली.

आणि परवा, सरपणाच्या हिशेबांच्या गठ्ठ्यात
मला एक बिल सापडलं.
साल १८४६. अक्षर कारकुनाचं,
खाली गवंडी मातौशची फुली.
'गिरणीच्या दारचा पुराचा दगड
गाड्यांच्या आसांना घासतो, म्हणून काढून
दोन हात वर बसवला.
चुना, दोन दिवसांची मजुरी,
हाताखालच्या पोराची बिअर.'

दोन हात.
दोन हातांत काय काय बुडतं ते मोजत बसले.
म्हणजे पाणी माझ्या बरगड्यांपर्यंतच.
बरगड्यांएवढ्या पाण्यात
पाद्री दोराला कशाला लोंबकळेल?

मयतांची नोंदवही काढली.
त्या फेब्रुवारीत नऊ नावं.
दोन तापाने. एक म्हातारपणाने, वय बावन्न.
सहांपुढे रकाना कोरा.
पण वहीही कधीतरी भिजलेली,
चार पानं एकमेकांना अशी चिकटलेली
की सोडवायला जावं तर दोन्हीकडची अक्षरं निघतात.
उरलेले बावीस तिथे असतील कदाचित,
गालाला गाल लावून.

ओल्द्रिखला सांगितलं. गिरणी त्याच्या खापरपणजोबांची.
तो म्हणाला, बिल आहे म्हणून दगड हलला, असं कुठे आहे?
मातौशने जन्मभर
न केलेल्या कामाचे पैसे घेतले, विचार कुणालाही.
पाणी मुरतंय ते त्या बिलात, दगडात नाही.
कुणालाही म्हणजे नेमकं कुणाला,
हे मी विचारलं नाही. त्याने चहा ओतला होता.

मी सात वर्षांची असताना,
बांध व्हायच्या आधी, पाणी आलं होतं.
आमच्या जिन्याची तिसरी पायरी बुडाली.
मला स्पष्ट आठवते:
तिच्यावर बाबांचा एक बूट, मग बूट नाही.
भाऊ म्हणतो, पाचवी.
आल्झ्बेटा मावशीकडे त्या दिवसाचा फोटो आहे:
अंगण, बदक, मी. जिना कोरडा.
मागे तारीख आहे,
ती मावशीने पुष्कळ नंतर घातलेली, निराळ्या शाईने.

रविवारी टेप घेऊन गिरणीवर गेले.
दगडाच्या खाली, दोन हातांवर,
चुन्याचा एक चौकोन वेगळ्या रंगाचा आहे.
जुनी खोबण असेल.
घोडे बांधायच्या कडीची जागाही असेल.
नखाने खरवडून पाहिलं. भुगा पडला.
म्हणजे आता त्यात माझाही हात लागला.

एक मुलगा सायकल टेकवून रेघेखाली उभा राहिला,
पाठ भिंतीला सपाट, टाचा उचललेल्या.
मी बुडालो असतो का?
हो, म्हणाले.
मग म्हटलं, बहुतेक.
मग त्याच्या बुटाची सुटलेली नाडी दिसली,
तेव्हा म्हटलं, घोटे तर नक्की भिजले असते.

एवढंच? तो म्हणाला,
आणि नाडी न बांधताच
बांधाकडे बघत राहिला,
नदी ज्या बाजूला आहे त्या बाजूला.